थोरलीचं नाक आणि जाळीतलं दूध

थोरलीच्या नाकाला घरातली सगळी माणसं टरकून असत. तिने आयुष्यभर दूधडेअरीच्या फलाटावर नोकरी केली होती. सकाळी दुधाचे कॅन उतरायचे, ही एकेकाचं झाकण उघडून वर वाकायची, एक श्वास घ्यायची आणि म्हणायची, “घ्या.” किंवा म्हणायची, “परत न्या.” तिच्या ‘परत न्या’वर कोणी हुज्जत घातल्याचं ऐकिवात नाही. पुढे डेअरीत यंत्रं आली, पण यंत्राचं आणि थोरलीचं पटलं नाही तर साहेब यंत्रालाच दुरुस्तीला पाठवायचे.

निवृत्तीनंतर हे नाक पूर्णवेळ घरच्यांच्या वाट्याला आलं. शेजारणीचा कांदा करपला की हिची खिडकी लागायची. नवरा बाहेर काय खाऊन आला, हे त्याने बूट काढायच्या आत जाहीर झालेलं असायचं. धाकटा दीर तर तिच्याकडे जायचं म्हटलं की दारातच स्वतःचे मोजे हुंगून बघायचा. नवऱ्याला या सगळ्याचा जाच होता आणि त्याहून जास्त अभिमान होता. चारचौघांत तो बायकोची ओळख करून देताना आधी नाकाची करून द्यायचा.

आणि गेल्या हिवाळ्यात हेच नाक बंद पडलं. निमित्त साध्या तापाचं. ताप गेला, खोकला गेला, जाताना वास घेऊन गेला. थोरली एकटीच डॉक्टरकडे जाऊन आली. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, नाही तर नाही येणार. या निदानात चूक काढायला कुठे जागाच नव्हती.

तिने हे कोणाला म्हणजे कोणालाच सांगितलं नाही. तिला भीती वाटत होती, अगदी पोटातून. नाक गेलं तर मागे काय उरलं? गुडघे दुखणारी, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारी एक बाई. अशा बायकांना कोण विचारतो? म्हणून तिने निम्मा कारभार अंदाजाने आणि निम्मा दराऱ्याने चालवला. फ्रिज उघडून गंभीर चेहरा करायचा आणि हळूच डब्यावरची तारीख वाचायची. कोणी काही नाकाशी आणून धरलं तर डोळे मिटायचे, थोडं थांबायचं आणि म्हणायचं, “तुला काय वाटतं?” समोरच्याला जे वाटायचं ते तो सांगून टाकायचा, मग ही मान हलवायची. वर्षभर कोणाला संशय आला नाही. उलट घरात एक नवीच कुजबुज सुरू झाली, की वहिनी अलीकडे फार मायाळू झाल्यात, पूर्वीसारख्या नाक मुरडत नाहीत.

पण घरगाडीत हा कारभार चालण्यासारखा नव्हता. घरगाडी म्हणजे पुढे गाडी आणि मागे घर. दोन पलंग, टेबल, शेगडी आणि कपाटाएवढं न्हाणीघर. ती दोघा भावांनी मिळून जुनीच विकत घेतली होती. थोरला, म्हणजे थोरलीचा नवरा, बस-डेपोत मेकॅनिक होता आणि धाकटा शाळेत भूगोल शिकवायचा, त्यामुळे एकाला गाडी कशी चालते ते कळायचं आणि दुसऱ्याला कुठे न्यायची ते. धाकट्याची बायको, म्हणजे घरातली धाकटी, पडदे शिवायची. गाडीच्या सगळ्या खिडक्यांना तिचे पडदे होते.

या गाडीत शेगडी गॅसवर आणि हीटरही गॅसवर. धाकट्याने भीत भीत एक अलार्म आणून ठेवला होता, गॅस गळला तर बोंब मारणारा. तो खोक्यातून बाहेर निघालाच नाही. थोरला म्हणायचा, “अलार्म कशाला? आपल्याकडे आहे की. जेवतोसुद्धा.” थोरलीने एकदा आडून आडून सुचवलं, “लावून टाकू या की, भाऊजींनी हौसेने आणलाय.” त्यावर थोरला म्हणाला, “अजिबात नाही. तुझा अपमान मी सहन करणार नाही.”

उन्हाळी सहलींत तिने मार्ग काढला होता. सगळे झोपायच्या तयारीला लागले की काहीतरी निमित्ताने बाहेर जायचं आणि सिलिंडरची चावी फिरवून बंद करायची. पण ही हिवाळ्यातली पहिलीच सहल. हीटर रात्रभर चालणार, म्हणजे गॅसही रात्रभर चालू राहणार. तीन माणसं तिच्या नाकाच्या भरवशावर निर्धास्त झोपणार आणि नाक तर कधीच रजेवर गेलेलं. निघायच्या आधीपासून हा एकच घोर तिला लागून राहिला होता. आज झोपायच्या आत काहीतरी बोलायला हवं होतं, आणि बोललं की वर्षभराचं सोंग उघडं पडणार होतं.

गाडी तळ्याकाठच्या मोकळ्या मैदानात लावली तेव्हा दुपार होती आणि वारा असा बोचरा की कानाच्या पाळ्या दुखत होत्या. थोरल्याने हात चोळत बटण दाबलं. पलंगाखाली हीटरचा पंखा घुमू लागला, जमिनीलगतच्या गोल जाळ्यांमधून उबदार हवा यायला लागली. चौघांनी हात पुढे केले.

आणि मग थोरलीने तीन चेहरे बदलताना पाहिले.

धाकट्याची मान झटक्यात मागे गेली. नवरा तोंडाने श्वास घ्यायला लागला. धाकटी शेगडीसमोरच्या पायपुसण्यावर उभी होती ती तशीच थिजली. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तिघेही थोरलीकडे वळले.

थोरलीने चटकन नवऱ्याकडे पाहिलं. गॅस? पहिला विचार हाच आला. आपण चौघं उडणार आहोत की नाही, हे आपल्याला नवऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागतंय, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःची चीड आली. तिने नवऱ्याला नीट न्याहाळलं. गॅस असता तर हा दार फोडून बाहेर पडला असता. हा नुसता तोंड वाकडं करून उभा होता. म्हणजे गॅस नव्हता. दुसरं काहीतरी होतं आणि ते बरंच भयंकर होतं.

“हं,” ती म्हणाली. डेअरीतही तिच्या ‘हं’ला वजन होतं.

“वहिनी, काहीतरी मेलंय का हो?” धाकट्याने नाकाला रुमाल लावत विचारलं.

“आधी हीटर बंद करा. गरम हवेत कुठला वास कुठून येतोय ते कसं कळणार?”

हे तिने असंच ठोकून दिलं होतं, पण धाकट्याला एकदम पटलं. तो भूगोलाचा मास्तर, वारे आणि त्यांच्या दिशा हा त्याचा जिव्हाळ्याचा विषय. तो म्हणाला, “बरोबर आहे. उष्ण हवा वर जाते, थंड हवा तिची जागा घेते आणि...”

“अरे, हा वर्ग नाहीये,” थोरला म्हणाला. “मी नळ्या उसवतो. तू बॅटरी धर. अगं, तू फक्त बोट दाखव, कुठली जाळी ते.”

बोट दाखव! थोरलीने पदर खोचल्यासारखा स्वेटर खाली ओढला आणि गाडीतून संथ फेरी मारायला सुरुवात केली. तिचा बेत सोपा होता. आपण जाळीपाशी थांबायचं आणि बाकीच्यांची तोंडं बघायची, जिथे नाकं जास्त वाकडी होतील तिथे बोट दाखवायचं. पण हीटर बंद झाल्यावर वास सगळ्या गाडीत सारखा भरून राहिला असावा, कारण नवरा आणि दीर सगळीकडे सारखेच कसनुसे दिसत होते. धाकटीच्या चेहऱ्यावरून तर काहीच कळत नव्हतं. ती पायपुसण्यावरून हलायला तयार नव्हती आणि श्वासही घेत नव्हती बहुतेक. थोरली तिच्यासमोरून दोनदा गेली, दोन्ही वेळा धाकटीने डोळे मिटून घेतले. थोरलीला वाटलं, पोरीला मळमळतंय बिचारीला.

शेवटी तिने सगळ्यात बिनधोक जागा निवडली. “न्हाणीघर,” ती म्हणाली. न्हाणीघरावर संशय घेतल्याने कोणाचं काही बिघडत नाही.

थोरल्याने न्हाणीघराची जाळी काढली, त्यामागची सुरकुत्यासुरकुत्यांची चंदेरी नळी सोडवली, धाकट्याने आत बॅटरी मारली. एक कंगवा निघाला. नळी मात्र आतून लख्ख होती.

“इथला नाही,” थोरली आत वाकून म्हणाली. “इथे नुसता पोचलाय. पलंगाखाली बघा.”

पलंगाखाली बघायचं म्हणजे गाद्या काढायच्या, फळ्या उचलायच्या, खालच्या खोक्यांची रास दाराबाहेर रचायची. ते सगळं झालं. तिथल्या नळीत धाकट्याचा मोजा मिळाला. सगळ्यांच्या आशा पल्लवित झाल्या, पण मोजा धुतलेला निघाला. धाकट्याने तो तिथल्या तिथे खिशात घातला, हरवल्याची तक्रार त्यानेच केलेली असल्यामुळे.

“मग टेबलाखाली असणार,” थोरली म्हणाली. आता तिच्याही आवाजातला जोर जरा कमी झाला होता.

टेबलाखाली शिरायला धाकट्याला आडवं व्हावं लागलं. तो मोठा उंच माणूस, त्याचे पाय दारातून बाहेर गेले आणि दार उघडं राहिलं. वारा सरळ आत. थोरल्याच्या नाकाचा शेंडा लाल झाला, पाना हातातून दोनदा निसटला. गाद्या उभ्या, फळ्या आडव्या, खोकी बाहेर, नळ्या लोंबकळताहेत आणि मधोमध थोरली कानटोपी घालून बोट दाखवतेय, असा एकूण देखावा होता. टेबलाखाली धूळ सापडली. धाकटा खालूनच म्हणाला, “वहिनी, मी आता इथेच राहिलो तर चालेल का? इथे वारा कमी आहे.”

“ताई,” धाकटी एकदम बोलली. तिचा आवाज चिरका आला. “पाणी आणायला येता का माझ्याबरोबर? नळावर?”

बादली घेऊन दोघी मैदानाच्या कडेच्या नळावर गेल्या. धाकटीने नळ सोडला आणि पाणी पडायच्या आधी ती रडायला लागली.

“ताई, पुरे करा आता. मला नाही बघवत.”

“काय झालं गं? मळमळतंय का?”

“ते दूध मीच सांडलंय.” धाकटीने नाक ओढलं. “मागच्या सहलीला, परत येताना. तुम्हाला डुलकी लागली होती. म्हटलं, उठल्यावर गरम कॉफी द्यावी. चालत्या गाडीत शेगडी लावायची नाही, हे तुम्हीच मला शंभरदा सांगितलंय, तरी लावली. मोठ्या भाऊजींनी ब्रेक मारला आणि पातेलंभर साखरेचं दूध उपडं झालं. जमीन पुसून घेतली मी, पण निम्मं शेगडीसमोरच्या जाळीत गेलं. वर पायपुसणं टाकलं. म्हटलं, सुकेल. दूध सांडलं हे तुम्हाला सांगायचं? तुम्हाला? माझी जीभच रेटेना.”

थोरलीने नळ बंद केला. तिला आधी सगळं नीट समजून घ्यायचं होतं.

“तुम्हाला तर पहिल्या श्वासातच कळलं असणार,” धाकटी हुंदके देत म्हणाली. “कधी सांडलं, साखर किती होती, सगळंच. दोनदा माझ्यासमोरून गेलात, माझ्या पायांकडे पाहिलंत आणि काही बोलला नाहीत. न्हाणीघर काय, पलंग काय, या थंडीत सगळी गाडी उसवायला लावलीत, पण मला पुढे केलं नाहीत. माझ्या सख्ख्या बहिणीने पण एवढं झाकलं नसतं हो.”

आता हे सगळं खरं नव्हतं, हे सांगायची ही वेळ होती. थोरलीला ते कळत होतं. पण एका फटक्यात दोन गोष्टी पदरात पडत होत्या, नाकाची अब्रू आणि वर मोठं मन. वर्षभर चोरासारखं वावरलेल्या बाईला असं आयतं कौतुक मिळालं तर तिने काय करावं? थोरलीने जे केलं ते आपणही केलं असतं.

“असू दे गं,” ती मऊ आवाजात म्हणाली. “झालं ते झालं. डोळे पूस.” आणि धाकटीच्या पाठीवरून हात फिरवताना तिला खरंच बरं वाटलं, लाज वाटत असतानाही.

गाडीत परत आल्यावर थोरली मधोमध उभी राहिली. डोळे मिटले, मान थोडी डावीकडे, मग उजवीकडे. मग शेगडीसमोर जाऊन तिने पायाच्या अंगठ्याने पायपुसणं बाजूला सारलं.

“इथे,” ती म्हणाली. “दूध आहे. साखर घातलेलं. मागच्या सहलीचं.”

थोरल्याने जाळी उचलली. मग काय विचारता! धाकटा टेबलाखालून थेट दाराबाहेर गेला, उठून उभं राहण्याची पायरी त्याने गाळलीच. थोरला तोंडावर कोपर दाबून डोळ्यांतून पाणी काढत होता. जाळीखाली नळीला झोळ आला होता आणि त्या झोळात सगळं साचलं होतं, पिवळट, घट्ट, वरून केसाळ. हीटरच्या उबेने त्याला नव्याने जाग आली होती.

“साखरसुद्धा ओळखली!” थोरला कोपराआडून म्हणाला. “बघ, बघ रे! याला म्हणतात नाक!”

धाकटी दारापाशी बादली घेऊन उभी होती. तिने थोरलीकडे असं पाहिलं की थोरलीला दुसरीकडे बघावं लागलं.

कारण काहीही असो, पुढचं काम थोरलीशिवाय कोणी करू शकलं नाही. ती गुडघ्यांवर बसली आणि भोकात तोंड घालून, हातात चमचा घेऊन, शांतपणे ती साय खरवडून एका जुन्या बादलीत टाकायला लागली. नाकाला रुमाल नाही, काही नाही. वर गाणंही गुणगुणत होती. बाहेरून खिडकीला नाक लावून बघणारा धाकटा म्हणाला, “दादा, ही डेअरीतली माणसं वेगळ्याच मातीची असतात.”

चमच्याने खरवडून झाल्यावर पाणी गरम केलं, त्यात खाण्याचा सोडा विरघळवला. पण फडकं नळीच्या पोटापर्यंत पोचेना. थोरलीचा हात कोपरापर्यंत जाऊन अडकायचा. मग धाकटी खाली बसली. “ही काय, नाडी ओवायचीये नुसती,” ती म्हणाली. तिने थोरल्याकडून ताठ वायर घेतली, टोकाला पडद्याची नाडी बांधली, नाडीला सोड्यातलं फडकं, आणि वायर नळीत सरकवत सरकवत पलंगाखालच्या टोकातून बाहेर काढली. मग एका टोकाला थोरली आणि दुसऱ्या टोकाला धाकटी. एकीने ओढायचं, दुसरीने सोडायचं, मग उलट. फडकं प्रत्येक फेरीला थोडं उजळ व्हायला लागलं. धाकटी श्वास रोखून ओढायची, दारात जाऊन श्वास घ्यायची आणि परत यायची. झोळाच्या तुकड्याचा आतला कागद मात्र भिजून मऊ पडला होता, तो तुकडा थोरल्याने कापून काढला आणि दोन्ही टोकं जुळवून वरून चंदेरी पट्टी गुंडाळली. डेपोत बसखाली झोपून जे काम केलं तेच आता बायकोच्या देखत करायला मिळाल्यामुळे तो खुशीत होता.

फळ्या बसल्या, गाद्या आल्या, खोकी आत आली. हीटर पुन्हा लावला. दोन्ही भावांनी जाळीवर वाकून एकदा, दोनदा हुंगलं.

“गेला!” धाकटा ओरडला.

“जाणारच,” थोरला म्हणाला. त्याने कपाट उघडलं, अलार्मचं खोकं काढलं आणि धाकट्याच्या हातात दिलं. “हे घेऊन जा परत दुकानात. ज्या घरात साखरेसकट दूध ओळखणारी बाई आहे, तिथे असल्या डबड्याची गरज नाही. आज रात्री हीटर फुल्ल ठेवतो आणि मी घोड्यासारखा झोपतो.”

धाकटाही हसला आणि खोकं पिशवीत कोंबायला लागला. धाकटी गादीवरची चादर नीट करत होती. तिला आपली उशी थोरलीच्या बाजूला हवी होती, तिने ती तशी लावली.

थोरलीने त्या उशीकडे पाहिलं. आता नाही बोलले तर मग कधीच नाही, तिला वाटलं.

“ते खोकं इकडे द्या, भाऊजी,” ती म्हणाली. खोकं घेऊन तिने नवऱ्यापुढे धरलं. “लावा हा. आत्ताच्या आत्ता.”

“अगं, पण तू असताना...”

“मला वास येत नाही.”

“कसला?”

“कसलाच. गेल्या हिवाळ्यातल्या तापापासून. दुधाचा नाही, धुराचा नाही, गॅसचाही नाही. मघाशी हीटर लावला तेव्हा मी तुमच्या तोंडाकडे बघत होते, गॅस आहे की काय ते कळावं म्हणून.”

धाकट्याने हातातली पिशवी खाली ठेवली. मग थोरला हसला, कारण त्याला वाटलं ही थट्टा आहे. त्याने बाहेर जाऊन ती खरवडलेल्या दुधाची बादली आणली आणि तिच्या नाकाखाली धरली. धाकट्याने मागच्या मागे खिडकी उघडली. थोरलीने बादलीवर वाकून सावकाश श्वास घेतला, सवयीप्रमाणे, डेअरीत घ्यायची तसा.

“काय येतंय?” थोरल्याने विचारलं. त्याचा आवाज आता हसरा नव्हता.

“काही नाही. गार आहे, एवढं कळतंय.”

थोरल्याने बादली खाली ठेवली.

“म्हणजे,” धाकटी चादर हातात धरून म्हणाली, “तुम्ही मला झाकत नव्हता?”

“नाही गं. मला ठाऊकच नव्हतं कुठून येतोय ते. नळावर तू सांगितलंस तेव्हा कळलं. आणि तरी मी ‘असू दे’ म्हणाले.” थोरलीने चादरीचं दुसरं टोक धरलं. “चूक झाली माझी.”

“एक मिनिट,” थोरला कपाळ चोळत म्हणाला. त्याच्या डोक्यात मागचं वर्ष उलगडत चाललं होतं. “एक मिनिट. म्हणजे माझी सिगरेट... मला वाटलं, वय झालं, तू सोडून दिलंस बोलायचं...”

“कुठली सिगरेट?” थोरली म्हणाली.

धाकट्याने छताकडे पाहिलं. थोरल्याचं तोंड उघडं राहिलं, मग मिटलं. आधी धाकटीला हसू फुटलं, रडून सुजलेल्या डोळ्यांनी ती गादीवर बसली आणि पोट धरून हसायला लागली. मग धाकटा. थोरलीने बराच वेळ कडक चेहरा ठेवायचा प्रयत्न केला, पण नवऱ्याचं तोंड बघून तिचंही सगळं अवसान गेलं.

“वर्षभर!” ती डोळे पुसत म्हणाली. “वर्षभर मी मायाळू झाले, मायाळू झाले म्हणत होतात. मायाळू कसली, बिघडले होते नुसती.”

थोरल्याने अलार्म खोक्यातून काढला. भिंतीवर जागा बघितली, भोकं पाडली, स्क्रू आवळले. आवळून झाल्यावरही तो पाठ करून तिथेच उभा राहिला. “मला सांगायचंस गं,” तो भिंतीला म्हणाला. “मी काय नाकाशी लग्न केलं होतं?” मग खिशातून सिगरेटचं पाकीट काढून त्याने न बघता मागे हात केला आणि थोरलीने ते काढून घेतलं.

अलार्मचा हिरवा दिवा लागला. गाडी थांबलेली होती, तेव्हा धाकटीने शेगडी पेटवून कॉफीसाठी दूध चढवलं. थोरली उठून तिच्याशेजारी उभी राहिली. वाफ वर यायला लागली तशी ती सवयीने वाकली आणि मग मध्येच सरळ झाली.

“सांग,” ती म्हणाली.

“काय?”

“कसा येतोय वास?”

धाकटीने पातेल्यावर नाक नेलं. “दुधाचा.”

“दुधाचा म्हणजे? असं सांगितलं असतंस तर फलाटावर पहिल्या दिवशी काढलं असतं तुला. डोळे मिट. घाई करू नको. आधी वरवरचा काय येतो ते सांग, मग त्याखालचा.”

धाकटीने डोळे मिटले. “वर... गोड. उकडलेल्या कणसासारखा.”

“बरोबर.” थोरलीने आपलेही डोळे मिटले. गेल्या वर्षात पहिल्यांदाच तिला दुधाचा वास आठवला, त्याबरोबर कॅनचं झाकण, सकाळ, हाताला लागणारी वाफ. “आणि त्याखाली?”

“त्याखाली...” धाकटीने पुन्हा श्वास घेतला. तिचं कपाळ आक्रसलं. “त्याखाली किंचित साबण.”

थोरलीने डोळे उघडले. तिची मान ताठ झाली, खांदे मागे गेले आणि फलाटावरचा तो जुना आवाज गाडीभर घुमला.

“पातेलं नीट विसळलेलं नाही. ओत ते. आणि सिंकमध्ये ओत, बाई, जाळीत नको.”